किती वाजले?

मार्गशीर्षात मामेबहिणीचं लग्न होतं, कोल्हापूरला. मुहूर्त ९ वाजून ५० मिनिटांचा, म्हणून पहाटे चारलाच पुणं सोडलं. भाड्याची गाडी, चालवणारे दादा ओळखीचे, आणि माझ्या मांडीवर रुखवताचं खोकं. त्यात साखरेचं तुळशीवृंदावन होतं. आईला आता प्रवास झेपत नाही, म्हणून तिनं आठ दिवस खपून ते केलं होतं आणि दारात माझ्या हातात देताना तीनदा बजावलं होतं, आडवं धरू नकोस. खंबाटकी घाट उतरलो, सुरूर मागे पडलं. पाचवडच्या अलीकडे अजून उजाडलं नव्हतं, शेतांवर धुकं बसलं होतं. दुभाजकातल्या कण्हेरीतून काहीतरी तांबूस बाहेर आलं आणि गाडीखालून बोदा आवाज झाला, भरल्या पोत्यावर काठी मारल्यासारखा. दादांनी पाय काढला. गाडी मंदावली. आरशात मागे बघत त्यांनी विचारलं, “ताई, थांबू का?” माझा हात तेव्हा खोक्याच्या झाकणावर होता. वृंदावन शाबूत आहे ना, ते मी बघत होते. त्यांना उत्तर द्यायच्या ऐवजी मी विचारलं, “किती वाजले?”

“पावणेसहा,” दादा म्हणाले, आणि त्यांनी गिअर बदलला.

लग्न छान झालं. वेळेच्या तासभर आधी पोचलो होतो. वृंदावनाचं सगळ्यांनी कौतुक केलं, मी फोटो काढून आईला पाठवले. पंक्तीत जिलबी वाढली जात होती आणि माझ्या कानात मात्र तो बोदा आवाज होता. त्याहून जास्त माझा स्वतःचा आवाज होता. थांबू नका, असं मी म्हटलं नव्हतं. तेवढं म्हणायचं धाडसही मी केलं नव्हतं. मी फक्त वेळ विचारली आणि बाकीचं त्या माणसावर सोपवलं. घरी आल्यावर हे कुणाला सांगितलं की ऐकणारे म्हणायचे, अगं, हायवेला मध्येच थांबायचं नसतं, मागून ट्रक येऊन धडकला असता. खरं आहे ते. पण मी वेळ विचारली तेव्हा मागच्या ट्रकचा विचार माझ्या मनात नव्हता, हे मला माहीत आहे.

त्याच दिवसांत मला कामीय द्यु गास्त पुन्हा आठवायला लागली.

तिच्याशी माझी ओळख बाबांमुळे. कराडला आमचं गॅरेज होतं. सुट्टीत मी तिथंच असायची, ग्रीसचा आणि जळक्या रबराचा वास नाकात घेऊन. जुन्या मोटारींचं वेड तिथूनच लागलं. पुढे वाचत गेले तेव्हा पहिल्या शर्यतींपाशी अडकले. रस्ते अजून बैलगाड्या-घोडागाड्यांचे होते आणि माणसं त्यावरून लाकडी चाकांच्या मोटारी शंभराच्या वेगानं नेत होती, तो काळ. त्या माणसांमध्ये ही एक बाई. जन्म १८६८चा, पॅरिसचा. नवरा झ्यूल क्रेस्पँ, पॅरिसमधल्या द्युफायेल या अवाढव्य दुकानाचा कर्ताधर्ता. तरुणपणीच विधवा झाली, हाताशी पैसा होता आणि अंगात रग होती. नवरा हयात असतानाच बलूनमधून वर जायची. १८९५मध्ये सहाशे मीटरच्या आसपास उंचीवरून तिनं पॅराशूटनं उडी घेतली होती. घोडा, तलवार, बंदूक, बर्फावरची घसरगाडी, सगळं येत होतं, शिवाय पियानो आणि गाणं. मग मोटार आली.

१९०१च्या जूनमध्ये पॅरिसहून बर्लिनला शर्यत निघाली, तीन दिवसांची. कामीयकडे २० अश्वशक्तीची पानार-लव्हासर होती. शर्यतीच्या हिशेबानं ती गाडी लहानच. सगळ्यात शेवटी सुटली आणि बर्लिनला ३३वी पोचली. जिंकला तो मोर्स गाडीवाला फुर्निए. पण शेवटून निघून तेहेतिसावं येणं म्हणजे काय, ते जरा डोळ्यांसमोर आणावं. पुढच्या प्रत्येक गाडीनं उडवलेली धूळ खायची, प्रत्येकीला त्या धुळीतच गाठायचं आणि तिच्या बाजूनं निसटायचं. लहानपणी फलटणच्या बाजूला खडीच्या रस्त्यावर एसटीच्या मागे आमची गाडी अडकली की बाबा काचा वर करायला सांगायचे. कामीयच्या गाडीला वर करायला काचाच नव्हत्या.

मला सांगायची आहे ती मात्र दोन वर्षांनंतरची शर्यत. पॅरिस ते माद्रिद, २४ मे १९०३.

व्हर्सायहून पहाटे पावणेचारच्या सुमाराला पहिली गाडी सुटली आणि मग एकेक करत दोनशेवर. अंधारातच लाखभर माणसं तिथं जमली होती, सायकलींवर कंदील लावून आलेली. पुढे रस्त्याच्या दुतर्फा तर गावंच्या गावं उभी होती. कितीतरी दिवस पाऊस नव्हता. खडीचा रस्ता, वर बारीक पांढरा फुफाटा. चालकांना समोरचा रस्ता दिसतच नव्हता. दोन्हीकडच्या झाडांचे शेंडे धुळीच्या वर दिसायचे, त्यांच्या रांगेवरून वळण कुठे आहे याचा अंदाज घ्यायचा. आणि ती माणसं अंगावर येईपर्यंत रस्त्यात उभी राहायची. वेग म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक असायचं कारणच नव्हतं. त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात जलद गोष्ट आगगाडी, आणि ती रुळांवरून जाते.

कामीयकडे या वेळी द दित्रिश होती, ३० अश्वशक्तीची. शर्यतीत ती एकटी स्त्री. मागची चाकं साखळीनं फिरणारी, सायकलीसारखी पण मनगटाएवढ्या जाड कड्यांची. ब्रेक फक्त मागच्या बाजूला. इंजिन समोरून हँडल मारून सुरू करायचं. शेजारी मेकॅनिक बसायचा, तेल पंप करायला, टायर बदलायला आणि मागून कोण येतंय ते बघायला. ती २९वी सुटली आणि एकेक गाडी मागे टाकत बोर्दोच्या दिशेनं चांगलीच वर सरकली. पाचशे बावन्न किलोमीटरचा टप्पा होता तो. त्यातलं बरंचसं अंतर कापून झालं होतं.

लिबुर्नच्या अलीकडे रस्त्याकडेला एक द दित्रिश उलटलेली होती. ती फिल स्टेड नावाच्या इंग्रज चालकाची. मोर्स गाडीवाल्या सालरोंशी चुरस चालू असताना तिला अपघात झाला होता. स्टेड गाडीखाली अडकला होता.

कामीय थांबली.

हे वाक्य चरित्राच्या नोंदींमध्ये एका ओळीत येतं आणि संपतं. मी गॅरेजवाल्याची मुलगी असल्यामुळे माझं मन तिथून पुढे जात नाही. एक टनाच्या आसपास वजन, खडीचा रस्ता, फक्त मागच्या चाकांना ब्रेक. अशी गाडी मनात आलं म्हणून जागच्या जागी थांबत नाही. पाय दाबायचा, हातानं बाहेरचा दांडा ओढायचा, मागची चाकं खडीवर फरफटतात, शेपूट एका बाजूला सरकतं, ते सावरायचं. उलटलेल्या गाडीच्या जवळ थांबायचं तर ठरवणं आधी कितीतरी अंतरावर व्हायला हवं. म्हणजे धुळीतून ते उलटं धूड दिसलं त्या क्षणालाच तिचं ठरलं असणार. आणि थांबल्यावर? मागून त्याच धुळीतून, झाडांचे शेंडे बघत, शंभराच्या वेगानं दुसऱ्या गाड्या येतच होत्या. मला लोक जे समजावत होते, मागून येऊन कुणीतरी धडकेल, ते तिच्या बाबतीत शब्दशः खरं होतं. ती खाली उतरली, स्टेडला बाहेर काढायला मदत केली, आणि वैद्यकीय मदत येईपर्यंत त्याच्यापाशी राहिली. मग मेकॅनिकनं हँडल मारलं असेल, इंजिन धडधडलं असेल, आणि ती पुढे निघाली.

बोर्दोला ती पोचली ती पंचेचाळिसावी. निकालाच्या यादीत एवढंच आहे, ४५. त्या यादीत आणखी कुणाकुणाच्या आकड्यामागे काय होतं, कुणाचा टायर फुटला, कुणाची साखळी तुटली, कुणी झाडाखाली बसून रडलं, ते कागदावर उतरत नाही. स्टेड जगला, हेही त्या यादीत नाही.

त्या दिवशी सगळेच जगले नाहीत. रेनो बंधूंमधला मार्सेल कूए-व्हेराकजवळ वळण चुकून खड्ड्यात गेला आणि दोन दिवसांनी वारला. धाकटा लुई बोर्दोला पोचला होता. भावाची बातमी कळली आणि त्यानं पुन्हा कधी शर्यतीत गाडी चालवली नाही. प्रेक्षक आणि शर्यतीतले मिळून किमान आठ जण गेले. फ्रान्सच्या सरकारनं शर्यत बोर्दोलाच थांबवली. गाड्यांची इंजिनं पुन्हा सुरू करायलाही मनाई झाली, घोडे जुंपून त्या गाड्या स्टेशनापर्यंत ओढत नेल्या आणि आगगाडीनं परत पाठवल्या. या शर्यतीतलं सगळ्यात जास्त डोळ्यांसमोर राहतं ते मला हेच दृश्य. मोर्सवाल्या गाब्रिएलनं तो टप्पा सव्वापाच तासांत, ताशी १०५ किलोमीटरच्या सरासरीनं मारला होता. एवढं करून शेवटी घोड्यामागून पायी पायी.

आणि पुढच्याच वर्षी फ्रान्सच्या ऑटोमोबाइल क्लबनं बायकांना शर्यतीत भाग घ्यायची बंदी केली. कारणांत बायकांच्या हळव्या, घाबऱ्या स्वभावाचा उल्लेख होता. कामीयनं जाहीर निषेध केला, उपयोग झाला नाही. मला याचा आजही संताप येतो. माद्रिदच्या त्या शर्यतीत झाडांवर आपटलेले, माणसांत घुसलेले चालक पुरुष होते. एकटी बाई होती ती अपघात न करता पोचली, वर एका माणसाला वाचवायला हात लावून पोचली. थांबली म्हणून हळवी ठरली का? तसं कुणी लिहून ठेवलेलं नाही. पण कोर्टातसुद्धा तिच्या वाट्याला असंच काहीतरी आलं होतं. घरच्या एका दाव्यात समोरच्या पक्षाच्या नामांकित वकिलानं भर न्यायालयात सांगितलं होतं की झेर्वेक्स या चित्रकाराच्या गाजलेल्या चित्रातली, नुसता मुखवटा घातलेली नग्न स्त्री म्हणजे हीच. चित्रातली मॉडेल वेगळीच होती, स्वतः चित्रकारानं तसं सांगितलं. वकिलानं माफी मागितली नाही. पॅरिसला ती मुखवटेवाली म्हणून चघळायला मिळाली. शर्यतीत डोळ्यांवर गॉगल आणि हनुवटीखाली बांधलेली टोपी घालून बसलेली खरी कामीय त्या लोकांनी किती बघितली असेल?

हे सगळं मनात घोळवताना बाबा आठवत राहिले. रस्त्यात बंद पडलेली गाडी दिसली की बाबा थांबायचेच. तेव्हा हा रस्ता दोन पदरी होता, दोन्ही बाजूंना वडाची जुनी झाडं, त्यांच्या पारंब्या टपांना घासायच्या. पान्यांची खाकी पिशवी सीटखाली असायची. “बघतो जरा,” म्हणून उतरायचे आणि मग अर्धा तास, एक तास. फॅनबेल्ट तुटलेला असायचा, कॉइल तापलेली असायची. आम्ही बारशाला जेवणं उरकल्यावर पोचायचो आणि सिनेमाला मध्यंतरात. आई गाडीत तोंड फिरवून बसायची. सातवीत असताना साताऱ्याला माझी वक्तृत्व स्पर्धा होती. महिनाभर भाषण पाठ केलं होतं, आरशासमोर, गच्चीत, झोपेतसुद्धा. नागठाण्यापाशी गुळाचा ट्रक उभा होता. बाबा उतरले. मी मागच्या सीटवर कडक इस्त्रीच्या गणवेशात घामानं भिजत बसले आणि घड्याळाचा काटा बघत राहिले. आम्ही शाळेत पोचलो तेव्हा बक्षीस समारंभ चालू होता. ट्रकवाल्यानं गुळाची एक आख्खी ढेप दिली होती. आईनं त्या गुळाच्या पोळ्या केल्या. मी तीन दिवस बाबांशी बोलले नाही आणि त्या पोळीला हात लावला नाही. स्वयंपाकघरात तव्यावर गूळ वितळून करपल्याचा तो गोड वास मला अजून राग आणतो.

म्हणून कामीयच्या शेजारच्या मेकॅनिकचा विचार मी फार करते. थांबायचं तिनं ठरवलं, पण शर्यत त्याचीही होती. गाडी रात्र रात्र जागून त्यानं तयार केली असणार. तिच्या हाताखाली ब्रेकचा दांडा करकरला तेव्हा त्याला काय वाटलं असेल? थांबणारा माणूस आपल्याबरोबर दुसऱ्यांचाही वेळ देऊन टाकतो, न विचारता. बाबांना हे कळत होतं की नाही, मला माहीत नाही. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. कोल्हापूरहून आल्यावर आईला मी सगळं सांगितलं, खोक्यासकट. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “ते असते तर तुझं लग्न चुकलं असतं. आणि मी त्यांच्यावर चिडले असते.”

कामीयचं पुढचं आयुष्य वाचताना मला तो रस्ता सतत दिसतो. मोटारी बंद झाल्यावर ती मोटारबोटींकडे वळली. १९०५मध्ये अल्जियर्सहून तुलाँपर्यंत भूमध्य समुद्र ओलांडायच्या शर्यतीत वादळ आलं, बहुतेक बोटी बुडाल्या, तिचीही. माणसं वाचली. दोन महिन्यांनी तिला विजयी ठरवलं. पुढे पोटच्या मुलीशीच पैशावरून विकोपाला गेलं. १९१०मध्ये तिच्या जिवावर माणसं घातली गेली. ती त्यांच्यासमोर उभी राहिली आणि ती माणसं पळाली. मारायला आलेल्यांच्या मागे मुलगीच होती. या घटनेनंतर तिनं आपलं आयुष्य दुसरीकडेच वळवलं. बायकांच्या हक्कांचं काम, गरीब बायका-मुलांचे दवाखाने, आणि मुक्या जनावरांचं काम. फ्रान्सच्या प्राणी संरक्षण संस्थेची ती अध्यक्ष झाली. १९३०मध्ये मलँ गावात बैलांच्या झुंजीविरुद्ध तिच्या पुढाकारानं माणसं थेट रिंगणात उतरली, तेव्हा ती बासष्ट वर्षांची होती. रस्त्यावरची बेवारशी कुत्री हा तिचा रोजचा विषय झाला.

कुत्र्यांपाशी मी थबकले. कारण त्या पहिल्या शर्यतींच्या कहाण्यांत कुत्री फार आहेत. १८९५ची पॅरिस–बोर्दो–पॅरिस शर्यत सलग अट्ठेचाळीस तासांवर गाडी हाकून सगळ्यात आधी पुरी करणारा एमिल लव्हासर पुढच्या वर्षी मार्सेयच्या शर्यतीत एका कुत्र्याला चुकवायला गेला आणि उलटला. त्यातून तो पुरता सावरला नाही, १८९७च्या एप्रिलमध्ये गेला. माद्रिदच्या शर्यतीतही लॉरेन-बॅरोची गाडी, तीही द दित्रिशच, लिबुर्नजवळ कुत्र्यावर गेली आणि मग झाडावर. मेकॅनिक जागीच गेला, बॅरो काही दिवसांनी. त्याच पट्ट्यात, त्याच दिवशी कामीय स्टेडपाशी थांबलेली होती. या दोन गोष्टींचा तिच्या नंतरच्या कामाशी संबंध होता, असं मी म्हणणार नाही. पण रस्त्यावर मेलेल्या कुत्र्यांची नोंद फक्त ती कुणाच्या तरी मरणाचं कारण झाली तेव्हाच झाली, एरवी नाही. त्या दिवशी पाचशे किलोमीटरमध्ये अशी किती पडली असतील, आणि ती सगळी कामीयनं स्टिअरिंगमागून बघितली असतील.

१९४२च्या एप्रिलमध्ये, जर्मन फौजा पॅरिसमध्ये असताना, ती गेली. शेवटपर्यंत त्या दवाखान्यांच्या कामात होती. पेर लाशेझच्या दफनभूमीत तिची कबर आहे.

लग्नाहून आम्ही त्याच रात्री परत निघालो होतो. हे मी मघाशी सांगितलं नाही. सातारा सोडल्यावर मी जागी होते, दादाही काही बोलत नव्हते. पाचवड गेलं आणि त्यांनी न विचारता गाडी डाव्या कडेला घेतली, चारही दिवे लुकलुकते ठेवले. “इथंच होतं, ताई. पलीकडच्या बाजूला.” आम्ही उतरलो. गाडीत बसून जो रस्ता आपला वाटतो तो उतरल्यावर किती वेगळा असतो. एकेक ट्रक गेला की हवेचा लोट अंगावर यायचा, पदर ओढून न्यायचा, पायाखालची जमीन थरथरायची आणि मग नुसता डिझेलचा वास. फटीत धावत आम्ही दुभाजकापर्यंत गेलो. मोबाइलच्या उजेडात कण्हेरीच्या बुंध्यांखाली बघत गेलो, प्लॅस्टिकच्या पिशव्या, फुटलेला आरसा, कुणाची तरी एक चप्पल. पन्नास-साठ पावलं पुढे, तेवढीच मागे. काही नव्हतं. रक्तसुद्धा नाही. उठून गेलं असेल की कुणी ओढून टाकलं असेल, की जागाच ही नव्हती. दादांच्या हातात पाण्याची बाटली होती आणि बिस्किटांचा पुडा. तो त्यांनी कधी विकत घेतला, मला कळलंच नव्हतं. त्यांनी पुडा फोडला, बिस्किटं कण्हेरीच्या मुळाशी ठेवली आणि बाटलीतलं पाणी तिथंच एका खोलगट फरशीच्या तुकड्यात ओतलं. मग आम्ही दोघं, रस्ता ओलांडायला फट मिळेपर्यंत, तिथं उभे राहिलो.